लाइट गेली! ‘आय डिड’ म्हणायचं की ‘आय हॅव डन’?

हेडफोन लावलेत ना? लोकलच्या दारात उभे असाल तर जरा आत सरका, आणि मग ऐका. आजचा विषय म्हटला तर शाळेतला, म्हटला तर रोजच्या नोकरीतला. इंग्रजीत ‘आय सेंट द मेल’ म्हणायचं की ‘आय हॅव सेंट द मेल’? पहिला सिंपल पास्ट, दुसरा प्रेझेंट परफेक्ट. ही नावं ऐकून लगेच पुढचा भाग लावू नका. आज तक्ते पाठ करायचे नाहीयेत. आपण मराठीत कसं बोलतो तेवढंच नीट ऐकायचंय.

मला या विषयावर खूप जणांनी मेसेज केले. बरेचसे मराठी माध्यमातून शिकलेले, आता पहिल्या किंवा दुसऱ्या नोकरीत. सगळ्यांचा सूर साधारण एकच: "नियम पाठ आहे, पण बोलायची वेळ आली की गडबड होते." ही गडबड का होते, याचं उत्तर इंग्रजीच्या पुस्तकापेक्षा आपल्या मराठीत जास्त सापडतं, असं माझं मत आहे.

एक उदाहरण घेऊ. संध्याकाळी घरी बसलोय, पंखा बंद पडला, टीव्ही बंद पडला. आपण काय ओरडतो? "लाइट गेली!" यावर घरातलं कोणी विचारतं का, "कधी गेली? मग परत कधी आली?" नाही. सगळ्यांना कळतं की लाइट आत्ता गेलीये आणि अजून आलेली नाही. मराठीत ‘गेली’ हा साधा भूतकाळ आहे, पण तो आत्ताची गोष्ट सांगतोय. "बस आली!" म्हणजे बस समोर उभी आहे. "माझी चावी हरवली" म्हणजे चावी अजून सापडलेली नाही. इतकंच काय, "तू हो पुढे, मी आलोच" असं म्हणतो तेव्हा आपण आलेलोही नसतो, तरी क्रियापद भूतकाळातच! आपल्या साध्या भूतकाळाला गोष्ट पूर्ण झाली की नाही याची जास्त फिकीर, ती कधी झाली याची कमी.

आता हेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की काय होतं ते सांगते. माझं ऑफिस बीकेसीत आहे. वांद्रे स्टेशनला पूर्वेला उतरायचं, शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, आणि मग ती काचेची बिल्डिंग. आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, लातूरकडचा, कोडिंगमध्ये एकदम पक्का. एका संध्याकाळी त्याची ड्युटी होती आणि पेमेंटचा सर्व्हर पडला. त्याने क्षणाचाही वेळ न घालवता लंडनच्या क्लायंटच्या ग्रुपवर टाकलं: ‘पेमेंट सर्व्हर वेंट डाउन.’ तिकडून शांतपणे प्रश्न आला: ‘ओके, हाउ लाँग वॉज इट डाउन?’ म्हणजे, किती वेळ बंद होता?

लक्षात आलं का? समोरच्याला वाटलं, सर्व्हर पडला होता, आता उठलाय, हा नुसता रिपोर्ट देतोय. प्रत्यक्षात सर्व्हर अजून बंदच होता. सर्व्हर अजून बंद आहे हे स्पष्ट होईपर्यंत दहा-बारा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात किती जणांचे पैसे अडकले असतील, विचार करा. नंतर मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "याचं इंग्रजी जरा कच्चं आहे." झालं. तो मुलगा पुढचे काही आठवडे कॉलवर माइक म्यूट करूनच बसायचा. ज्याला सगळ्यात जास्त माहिती, तोच गप्प.

माझं म्हणणं असं की त्याचं इंग्रजी कच्चं नव्हतं, त्याचं मराठी पक्कं होतं. त्याने मनात "सर्व्हर गेला!" म्हटलं, ‘लाइट गेली’सारखंच. ते शब्दाला शब्द लावून ‘वेंट डाउन’ झालं. पण इंग्रजीत नुसतं ‘वेंट’ म्हटलं की गोष्ट मागे पडते. अजून चालू आहे का, याची हमी ते वाक्य देत नाही. तिथे हवं होतं ‘हॅज गॉन डाउन’. किंवा त्याहून सोपं, ‘इज डाउन’.

आता शाळेत आपल्याला काय सांगितलं होतं ते आठवा. "क्रिया नुकतीच पूर्ण झाली असेल तर हॅव किंवा हॅज लावा." हा नियम साफ खोटा नाही, पण अर्धवट आहे. ‘नुकतीच’ म्हणजे किती? पाच मिनिटं? पाच तास? ‘आय सॉ हिम टू मिनिट्स अगो’ हे अगदी बरोबर इंग्रजी आहे. दोनच मिनिटं झालीयेत, तरी सिंपल पास्ट. आणि ‘आय हॅव सीन दॅट फिल्म’ हेही बरोबर, मग तो सिनेमा तुम्ही दहा वर्षांपूर्वी पाहिलेला का असेना. म्हणजे किती वेळापूर्वी, यावर हे ठरत नाही.

दुसरा घोळ नावांचा. मराठीच्या व्याकरणात आपण ‘पूर्ण वर्तमानकाळ’ शिकतो: ‘मी आंबा खाल्ला आहे.’ इंग्रजीच्या तासाला प्रेझेंट परफेक्टचं भाषांतरही ‘पूर्ण वर्तमानकाळ’च. मग डोक्यात समीकरण पक्कं बसतं: आहे म्हणजे हॅव, आहे नसेल तर सिंपल पास्ट. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं मोठं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं. त्या काळात मराठीची व्याकरणं लिहिणाऱ्यांसमोर संस्कृत आणि इंग्रजी व्याकरणांचे नमुने होते, त्यामुळे काळांची नावं एकमेकांना जुळणारी दिसतात. पण नाव सारखं म्हणून काम सारखं नसतं. एका वर्गात दोन प्रिया असतात, म्हणून काही एकीचा पेपर दुसरी लिहीत नाही!

मग खरा फरक कशात आहे? तुमच्या हातातल्या फोनमध्येच बघा. व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला की दोन टिक येतात. त्या टिक काय सांगतात? मेसेज पोचलेला आहे. आत्ताची स्थिती. कधी पोचला, ते टिक सांगत नाहीत. मेसेज दाबून धरला आणि त्याची माहिती उघडली की मग दिसतं, पोचल्याची वेळ ९:४२. ती नोंद, घडून गेलेली.

टिक म्हणजे प्रेझेंट परफेक्ट. वेळेची नोंद म्हणजे सिंपल पास्ट. आमच्या भाषेत सांगायचं तर एक स्टेटस, दुसरा लॉग.

म्हणून बोलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: मी आत्ताची स्थिती सांगतोय, की तेव्हाची घटना? "आत्ता काय परिस्थिती आहे?" याचं उत्तर देत असाल तर हॅव. "कधी झालं, कुठे झालं, कसं झालं?" याचं उत्तर देत असाल तर सिंपल पास्ट. आणि एक कडक नियम: संपून गेलेली वेळ वाक्यात आली, म्हणजे काल, गेल्या आठवड्यात, २०१९ मध्ये, ९:४० ला, की साधा हॅव-हॅज बाहेर. टिकवर वेळ लिहिलेली नसते ना, तसंच.

आता मराठीतून येणारे पाच सापळे बघू. प्रत्येक वाक्य आधी मराठीत म्हणून बघा.

पहिला सापळा आपण पाहिलाच, ‘लाइट गेली’चा. मराठीत साधा भूतकाळ, पण अर्थ आत्ताचा. "माझा फोन हरवला" आणि अजून सापडला नाही, तर ‘आय हॅव लॉस्ट माय फोन’. ‘आय लॉस्ट माय फोन’ म्हटलंत तर समोरचा विचारू शकतो, "अरे, मग मिळाला का?"

दुसरा सापळा याच्या बरोबर उलटा. "मी काल मेल पाठवलाय." मराठीत हे शंभर टक्के बरोबर. आपल्या ‘आहे’ला ‘काल’चं वावडं नाही. आपण त्यातून सांगतो की पाठवलेला मेल आज तुमच्याकडे आहे, उघडून बघा. पण इंग्रजीत ‘आय हॅव सेंट द मेल यस्टर्डे’ खटकतं, कारण स्टेटस आणि लॉग एकाच वाक्यात कोंबले. दोनातलं एक निवडा. ‘आय हॅव सेंट द मेल’ किंवा ‘आय सेंट द मेल यस्टर्डे’. दोन्ही सांगायचंय? दोन वाक्यं करा. शब्दांचे पैसे पडत नाहीत.

तिसरा सापळा ‘होता’चा, आणि हा जास्त महागात पडतो. "तो बग मी सोमवारी फिक्स केला होता." मराठीत आपण मागची कुठलीही गोष्ट सहज ‘होता’ लावून सांगतो. इंग्रजीत मात्र ‘आय हॅड फिक्स्ड इट ऑन मंडे’ म्हटलं की ऐकणारा थांबतो. हॅड फिक्स्ड? मग पुढे काय झालं? परत बिघडला का? कारण इंग्रजीत ‘हॅड’ दोन भूतकाळांमधला आधीचा दाखवायला येतो: मी फिक्स केला होता आणि नंतर दुसरं काही तरी घडलं. दुसरं काही घडलंच नसेल तर साधं ‘आय फिक्स्ड इट ऑन मंडे’. तुमचं केलेलं काम शाबूत राहील.

चौथा सापळा मुलाखतीतला. "मी तीन वर्षांपासून या कंपनीत काम करतोय." मराठीत चक्क वर्तमानकाळ. त्यामुळे आपण म्हणतो ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’. आपल्याकडे सगळ्यांना कळतं, बाहेरच्यालाही बहुधा कळेल, पण हवं ते असं: ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स’, किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’. किती काळ, ते सांगायला फॉर. कधीपासून, ते सांगायला सिन्स. फॉर थ्री इयर्स, सिन्स २०२२.

आणि इथेच अर्थ पूर्ण फिरतो. ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणजे तिथून तुम्ही बाहेर पडलात. ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणजे तुम्ही अजून तिथेच आहात. नोकरी सोडलेली नसताना पहिलं वाक्य बोललात की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग सध्या काय करताय?" एका शब्दामुळे घरी बसवतील की हो तुम्हाला!

पाचवा सापळा आपल्या ‘कधी’चा. "तू कधी गोव्याला गेलायस का?" आणि "तू गोव्याला कधी गेलास?" मराठीत शब्द एकच, ‘कधी’. इंग्रजीत दोन रस्ते. पहिला अनुभव विचारतो: ‘हॅव यू एव्हर बीन टू गोवा?’ दुसरा तारीख विचारतो: ‘व्हेन डिड यू गो टू गोवा?’ ‘व्हेन हॅव यू गॉन’ असं होत नाही. ‘व्हेन’ने नेमकी वेळ विचारली की आपण लॉगमध्ये शिरलो, तिथे डिड.

यातून गप्पांची एक पद्धतही कळते. इंग्रजीत विषय बऱ्याचदा हॅवने उघडतो आणि मग आत सगळं सिंपल पास्टमध्ये चालतं. समजा कोणी विचारलं, ‘हॅव यू एव्हर बीन टू द माउंट मेरी फेअर?’ सप्टेंबरमधल्या आपल्या वांद्र्याच्या जत्रेला कधी गेलायस का? उत्तर: ‘येस, आय हॅव.’ इथवर स्टेटस. त्यानंतर: ‘आय वेंट लास्ट इयर. इट रेन्ड. वी बॉट कँडल्स.’ गेले, पाऊस पडला, मेणबत्त्या घेतल्या. सगळा लॉग. प्रत्येक वाक्यात हॅव कोंबायची गरज नाही. बातम्याही बऱ्याचदा अशाच चालतात: पहिल्या वाक्यात ‘हॅज’, तपशिलात साधा भूतकाळ.

आता वांद्र्यातच उभं राहून सराव करू. समोर सी लिंक. ‘द सी लिंक ओपन्ड इन २००९.’ वर्ष आलं, म्हणजे सिंपल पास्ट. ‘इट हॅज बीन ओपन सिन्स २००९.’ तेव्हापासून आजपर्यंत उघडाच आहे, म्हणजे हॅज. वर्ष तेच, पण ‘इन’ने ते मागे ठेवलं आणि ‘सिन्स’ने आजपर्यंत ओढून आणलं. तसंच मेट्रो तीनचं. आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा, त्याचं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ ला झालं. तारीख सांगायची तर ‘ओपन्ड’. नुसतं "आता बीकेसीत मेट्रो आलीये" सांगायचंय तर ‘द मेट्रो हॅज कम टू बीकेसी’.

आणि वांद्रे म्हटल्यावर सचिन आलाच पाहिजे. वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात वाढलेला मुलगा. त्याचं शंभरावं आंतरराष्ट्रीय शतक मार्च २०१२ मध्ये मीरपूरला झालं. तेव्हा ‘सचिन हॅज स्कोअर्ड अ हंड्रेड सेंच्युरीज’ असंच म्हणायचं, कारण खेळ चालू होता, आकडा उद्या वाढू शकत होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये तो वानखेडेवर शेवटचं खेळला. आता त्याची कारकीर्द सांगताना सहसा ‘स्कोअर्ड’ येतं. शतकं तेवढीच, फक्त खातं बंद झालं. जो अजून खेळतोय, त्याला ‘हॅज स्कोअर्ड’. खातं चालू आहे का बंद, एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं.

हाच हिशेब दिवसालाही लागतो. सकाळी अकरा वाजता: ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ चाय धिस मॉर्निंग.’ सकाळ अजून संपलेली नाही, तिसरा होऊ शकतो. दुपारी चार वाजता तेच सांगायचं तर ‘आय हॅड टू कप्स धिस मॉर्निंग.’ सकाळचं खातं बंद.

एक दिलासाही देते. तुमचा क्लायंट अमेरिकेतला असेल तर तो सहज म्हणेल, ‘डिड यू सेंड इट येट?’ किंवा ‘आय ऑलरेडी सेंट इट.’ आपली पुस्तकं बहुतेक ब्रिटिश वळणाची, त्यात इथे हॅव सापडेल. म्हणून अमेरिकन माणूस चुकला असं नाही. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ या शब्दांबरोबर तिकडे साधा भूतकाळ सर्रास चालतो. ‘हॅव’ पण चालतं. तेव्हा एवढ्यावरून कोणी तुम्हाला टोकलं तर घाबरू नका. पण ‘हॅव सेंट यस्टर्डे’ दोन्हीकडे खटकतं, आणि ‘वर्क्ड फॉर थ्री इयर्स’चा अर्थ दोन्हीकडे "आता तिथे नाही" असाच निघतो. तेवढं सांभाळा.

आणि अगदीच घाईत, सर्व्हर पडलाय, हात थरथरतायत, डोक्यात काळ-वेळ काही सुचत नाहीये, तर सरळ वर्तमानकाळात स्थिती सांगा. ‘द सर्व्हर इज डाउन.’ ‘द फाइल इज रेडी.’ ‘द बग इज फिक्स्ड.’ प्रेझेंट परफेक्टला जे सांगायचं असतं, त्यातलं कामाचं बरंचसं ‘इज’ सांगून टाकतं. ग्रुपवर हे आधी टाका, मग सावकाश लिहा: ‘इट वेंट डाउन ॲट ९:४०.’ आधी टिक, मग वेळ.

शेवटी जे टीम चालवतात, मुलाखती घेतात, त्यांना एक विनंती. कोणी ‘आय हॅव सेंट यस्टर्डे’ म्हणालं की हसू नका. त्याच्या डोक्यात एका चांगल्या भाषेचं पूर्ण व्याकरण चालू आहे. तिथे ‘आहे’ आणि ‘काल’ सुखाने शेजारी राहतात. त्याला फक्त सांगा की इंग्रजीत यांचं पटत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर तो म्यूट होऊन बसेल, आणि पुढच्या वेळी सर्व्हर पडला की कळवणारा कोणी नसेल.

गृहपाठ सोपा आहे. आज तुम्ही इंग्रजीत पाठवलेले शेवटचे पाच मेसेज उघडा. प्रत्येकाला विचारा: हा टिक आहे की वेळेची नोंद? जिथे दोन्ही एकात मिसळलेत, तिथे वाक्य तोडून दोन करा. आणि गंमत म्हणून आज घरी कोण कुठला भूतकाळ वापरतं ते कान देऊन ऐका. "दूध उतू गेलं!", "पाहुणे आले!", "आलो आलो!" यातलं प्रत्येक वाक्य इंग्रजीत कसं सांगाल? उत्तरं मला पाठवा, व्हॉइस नोट चालेल.

पुढच्या भागात ‘विल’ आणि ‘गोइंग टू’. म्हणजे ‘करेन’ आणि ‘करणार आहे’. तोपर्यंत काळजी घ्या, आणि कॉलवर माइक चालू ठेवा. भेटू!